बॅटरी बसली तरी बोट सुटली पाहिजे: बडोद्यातल्या एका मंडळाच्या ओबीएमचं (बोटीच्या इंजिनाचं) प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या वस्तीतलं हे एक गणपती मंडळ, नाव देत नाही, माणसांची पण नावं नाहीत. मी यात तांत्रिक बाजू बघायला होतो, नोकरीत पंप आणि जनरेटर सांभाळलेत म्हणून मला ओढलं गेलं.

ऑगस्ट 2024 ला विश्वामित्रीने काय केलं ते बडोदेकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की धोक्याची पातळी 25-26 फूट धरतात आणि नदी 35 च्या वर गेली, अकोटा, समा, फतेगंज, वडसर सगळीकडे पाणी, लाइट गायब आणि पाण्यात मगरी. एनडीआरएफची सहावी बटालियन इथेच जरोदला आहे, लष्कर पण उतरलं, तरी एवढ्या मोठ्या गावात प्रत्येक गल्लीत एकदम बोट पोचणं शक्यच नव्हतं. मंडळाची मुलं तेव्हा ट्रकच्या ट्यूबा बांधून दूध-पाणी पोचवत होती. पाणी ओसरल्यावर पहिल्याच मीटिंगला ठरलं की आपली बोट पाहिजे.

वर्गणीतून हवेची रबरी बोट घेतली आणि एक सेकंडहँड ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे लटकवायचं इंजिन. 15 हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, अडीचशे सीसीच्या आसपास. सेल्फ पण होता आणि वर रस्सी पण होती, त्यामुळे सगळे खूश, "दोन्ही सोय आहे" म्हणून. 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी त्याच्यासोबत आली. गोडाऊनमध्ये मंडपाचे बांबू आणि गालिचे ठेवतात तिथेच एका कोपऱ्यात हे सगळं झाकून ठेवलं.

अडचण

पावसाळ्याच्या तोंडावर गावाबाहेरच्या एका तळ्यावर सराव ठेवला. सेल्फ मारला तर नुसती कट्‌ आणि शांतता. बॅटरी बसलेली. साहजिक आहे, लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी दर महिन्याला थोडी उतरते, उन्हाळ्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये जास्तच, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग चार्ज केली तरी पहिल्यासारखी येत नाही.

मग रस्सी. आता ज्यांनी ओबीएमची रस्सी ओढलेली नाही त्यांना वाटतं जनरेटरसारखंच आहे. तसं नाही. जनरेटर जमिनीवर असतो आणि तुम्ही पण जमिनीवर असता. इथे रबराचा तळ पायाखाली दबतोय, ओढणारा उभा राहिला की बोट कलते, बसून ओढली तर पूर्ण झटका बसत नाही, आणि पुढे बसलेल्या माणसाच्या तोंडावर कोपर बसतं. आमच्या एका मुलाच्या ओठातून रक्त आलं ते असंच. बरं झटका अर्धवट बसून चालत पण नाही, कारण या इंजिनात ठिणगी वरच्या मॅग्नेटमधून तयार होते, मॅग्नेट ठराविक वेगाने फिरलं नाही तर प्लगवर नीट ठिणगीच पडत नाही. म्हणजे हळू पण पुष्कळ वेळा ओढणं हा नुसता घाम काढायचा धंदा आहे.

शेवटी इंजिन चालू झालं. पाच मिनिटांनी पंख्यात जलकुंभी अडकली, बंद केलं, काढली, परत रस्सी, आणि आता गरम इंजिन चालू होईना.

अण्णा (मंडळाचे अध्यक्ष, सत्तरीला आलेत) काठावर उभे होते, ते एवढंच म्हणाले, "अरे हे पुरात झालं असतं तर?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

नेमकं कुठे अडतंय ते आधी बघितलं

मीटिंगला लगेच "नवीन बॅटरी घ्या" आणि "नवीन मोटरच घ्या" असे दोन गट पडले. एक देणगीदार शेठ तर तयारच होते, नवीन इलेक्ट्रिक मोटर देतो, फक्त बोटीवर आमच्या फर्मचं नाव मोठ्या अक्षरात. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि आठ दिवस थांबायला सांगितलं. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, की खरेदी थांबवायची आणि आधी बघायचं, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला निर्णय पण हाच.

बघितल्यावर निघालं ते असं. थंड इंजिन चालू न होण्याचं एक कारण जुनं पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्बोरेटरमध्ये तसंच राहिलेलं पेट्रोल महिनोन्महिने सुकून जेटमध्ये चिकट थर धरतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंदच होता, त्यामुळे पेट्रोल नीट येत नव्हतं. एकदा तर लाल दोरीची क्लिप, जी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात आणि माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद करते, ती लावलीच नव्हती आणि तिघं जण आळीपाळीने रस्सी ओढत होते. क्लिप नाही तर ठिणगी नाही, मग हनुमानाने ओढली तरी काय होणार.

गरम इंजिनाचं कारण वेगळं, तिथे मुलं सवयीने चोक ओढत होती. गरम इंजिनाला चोक दिला की पेट्रोल जास्त होतं, प्लग ओला होतो, आणि जितकं ओढाल तितका जास्त ओला होतो.

म्हणजे बॅटरी नवीन आणली असती तरी यातलं अर्धं तसंच राहिलं असतं. पण उरलेलं अर्धं खरं होतं, बोटीत बसून रस्सी ओढणं प्रत्येकाच्या बसची गोष्ट नाही, आणि पुराच्या पाण्यात इंजिन सारखं बंद-चालू करावं लागतं. पाण्यातल्या माणसाला आत घेताना पंखा बंदच पाहिजे. प्लास्टिक, केबल, साडी, काय वाटेल ते पंख्यात अडकतं. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार बंद झाली की थंड करणारं पाणी आत जात नाही असं समजायचं आणि लगेच इंजिन बंद करून जाळी साफ करायची.

समोर असलेले पर्याय

नवीन लेड-ॲसिड बॅटरी सगळ्यात सोपी. पण दहा-बारा किलो वजन, आणि दर महिन्याला चार्ज कोण करणार हा प्रश्न. मंडळात उत्साह ऑगस्ट-सप्टेंबरला असतो, मार्च-एप्रिलला गोडाऊनची चावी कोणाकडे आहे हे पण कोणाला माहीत नसतं. लिथियमची हलकी बॅटरी पडून कमी उतरते, पण ती त्या जुन्या चार्जिंग कॉइलला थेट जोडायची नसते, आणि 43-44 डिग्रीत पत्र्याखाली ठेवायला मला तरी बरी वाटेना.

शेठजींची इलेक्ट्रिक मोटर. चालू करायचा प्रश्नच मिटतो, बटण दाबलं की चालू. पण 2024 ला आपल्याकडे किती भागात दिवसेंदिवस लाइट नव्हती? पेट्रोलचा कॅन खांद्यावरून आणता येतो, चार्जिंग कुठून आणणार. हा पर्याय तिथेच पडला, शेठजी थोडे नाराज झाले, नंतर त्यांनी लाइफ जॅकेटं दिली आणि त्यावर नाव घातलं. हरणी तळ्याची जानेवारी 2024 ची दुर्घटना सगळ्यांच्या डोक्यात होतीच, त्यामुळे जॅकेटं तशीही लागणारच होती.

नवीन फोर-स्ट्रोक मोटर. आता काही कंपन्यांच्या छोट्या फोर-स्ट्रोक ओबीएममध्ये बॅटरीशिवाय चालणारं फ्युएल इंजेक्शन येतं, मर्क्युरीचं 15-20 हॉर्सपॉवरचं तसं आहे. रस्सीच्या पहिल्या फिरण्यातच इंजेक्शन आणि ठिणगीपुरता करंट तयार होतो, चोकची भानगडच नाही. फार सुंदर वस्तू, पण पैसे नव्हते, आणि टू-स्ट्रोकपेक्षा वजनाला जास्त, गल्लीतून दोघांनी उचलून न्यायचं म्हणजे विचार करावा लागतो.

आणि चौथा पर्याय आला तो पार कॅनडातून. अण्णांचा भाचा क्यूबेकला आहे, तिकडे बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइलचा त्याला नाद. त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, "मामा, आमच्या गाडीत बॅटरीच नाहीये, तरी बटणावर चालू होते."

आधी खोटं वाटलं, मग वाचलं. स्की-डू म्हणून जी स्नोमोबाइल आहे, बॉम्बार्डिए यांनी 1959 ला क्यूबेकच्या व्हालकूर गावात काढलेली, त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनावर 'शॉट' नावाचा स्टार्टर येतो. त्यात बॅटरीच्या जागी अल्ट्राकपॅसिटर असतो, म्हणजे झटक्यात वीज भरून घेणारी आणि झटक्यात सोडणारी वस्तू. दिवसातलं पहिलं स्टार्ट रस्सीने करायचं, इंजिन फिरायला लागलं की काही सेकंदात कपॅसिटर भरतो, नंतर गाडी बंद केली तर बटण दाबायचं, कपॅसिटरमधला करंट उलटा मॅग्नेटोच्या (म्हणजे इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) कॉइलमध्ये जातो आणि तोच मॅग्नेटो मोटर होऊन इंजिन फिरवतो. वेगळी स्टार्टर मोटर नाही, बॅटरी नाही, साध्या सेल्फवाल्या गाडीपेक्षा नऊ-एक किलो वजन कमी. मात्र गाडी बराच वेळ बंद राहिली तर परत रस्सी.

हे कोणासाठी केलंय ते बघा. डोंगरात कमरेइतक्या भुसभुशीत बर्फात गाडी रुतते, माणूस वाकडा उभा, पायाखाली आधार नाही, आणि अशात रस्सी ओढायची. त्यात थंडीत लेड-ॲसिड बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, कपॅसिटरला थंडीचं फारसं काही वाटत नाही. आमच्या रबरी बोटीत पण पायाखाली आधार नाही तो नाहीच, थंडी सोडली तर अडचण तीच. याच कंपनीकडे बोटीच्या इव्हिनरूड मोटरी पण होत्या, ई-टेक इंजेक्शन आधी त्या बोटीच्या मोटरींवर आलं आणि मग स्नोमोबाइलवर गेलं. इव्हिनरूडचं उत्पादन त्यांनी 2020 ला बंद केलं. म्हणजे एकाच घरातली दोन भावंडं, आणि ही युक्ती बर्फातल्या भावाकडेच राहिली. असो.

निर्णय आणि त्यावरची भांडणं

भाच्याची गोष्ट ऐकून मुलं पेटली, हेच करायचं. पण कॅनडातली सिस्टिम पहिलं स्टार्ट रस्सीनेच मागते, आणि आमच्याकडे बोट वर्षभर पडून असते, म्हणजे पहिलंच स्टार्ट सगळ्यात अवघड. स्नोमोबाइलवाला रोज सकाळी एकदा ओढतो आणि दिवसभर बटण दाबतो. आमचं पहिलं स्टार्ट दहा महिन्यांनी, भर पावसात, रात्री, घाबरलेल्या माणसांसमोर.

इथे दोन तास वाद झाला. काही जण म्हणाले मग उपयोग काय, बॅटरीच आणा. शेवटी जो मुद्दा सगळ्यांना पटला तो असा, की पहिलं स्टार्ट काठावर होतं. काठावर वेळ असतो, माणसं असतात, बोट धरायला चार हात असतात, प्लग बदलता येतो. दुसरं, तिसरं, दहावं स्टार्ट पाण्याच्या मध्यात होतं, तिथे चालवणारा एकटा असतो आणि बोट वाहत चाललेली असते. म्हणून पहिल्या स्टार्टची काळजी देखभालीने घ्यायची आणि पुढच्यांची कपॅसिटरने. आमचा मॅग्नेटो मोटर म्हणून चालणारा नव्हता, पण इंजिनाला स्टार्टर मोटर होतीच, त्यामुळे फक्त बॅटरीच्या जागी कपॅसिटर बसवायचा होता.

काय केलं

एम.एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, म्हणजे सयाजीरावांनी 1890 ला काढलेल्या कलाभवनाच्या वारशातच, शेवटच्या वर्षाला असलेली मंडळातली एक मुलगी हे करायला तयार झाली. तिने आधी क्लॅम्प मीटर लावून सेल्फचा करंट मोजला, फिरताना 80 अँपिअरच्या आसपास. मग हिशोब: 2.7 व्होल्टचे, 350 फॅरडचे (फॅरड म्हणजे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) सहा कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे 16.2 व्होल्टपर्यंत झेपणारा साधारण 58 फॅरडचा पॅक. 14 व्होल्टपासून 9 व्होल्टपर्यंत उतरेतो त्यातून साडेतीन हजार ज्यूलच्या आत-बाहेर निघतात, म्हणजे सेल्फ चारेक सेकंद फिरेल. ठीक असलेलं गरम इंजिन एक-दोन सेकंदात लागतं. पॅकचं वजन डब्यासकट एक किलोच्या आत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनेच पकडली. या जुन्या ओबीएमला नुसता रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) होता, रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा) नव्हता. बॅटरी असते तेव्हा जास्तीचा करंट बॅटरी पिते आणि व्होल्टेज दाबून धरते. बॅटरी काढली की जोरात रेस दिल्यावर व्होल्टेज 16 च्या खूप वर जाऊ शकतं आणि कपॅसिटर फुगून मेले असते. म्हणून मोटरसायकलचा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवला, साडेचौदाला थांबणारा, आणि प्रत्येक कपॅसिटरवर बॅलन्सिंगचं, म्हणजे सगळ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारं, छोटं सर्किट. यूट्यूब बघून जे लोक बॅटरी काढून सरळ कपॅसिटर जोडतात त्यांनी एवढं तरी वाचावं.

चार्जिंग कॉइल पूर्ण वेगात सहाएक अँपिअर देते, त्यामुळे 9 वरून 14 व्होल्टला यायला मिनिटभर पुरतं, पण इंजिन नुसतं आयडलवर असेल तर बराच जास्त वेळ लागतो. म्हणून डब्यावर छोटा व्होल्टमीटर लावला. साडेबाराच्या वर असेल तरच इंजिन मुद्दाम बंद करायचं, असा नियम.

पहिल्या स्टार्टसाठी पण एक जुगाड निघाला, तो गॅरेजवाल्या काकांचा. रिकामा पॅक सरळ बॅटरीला जोडला तर जबरदस्त ठिणगी उडते, शेजारी पेट्रोलची टाकी असताना ते नकोच. काकांनी मधे हेडलाइटचा 55 वॉटचा हॅलोजन बल्ब टाकला. वायरी जवळच्या स्कूटरच्या बॅटरीला लावल्या की बल्ब भगभगीत पेटतो, मग पिवळा, मग लालसर, आणि तीन-चार मिनिटांत नुसती तार दिसते. तार विझली की पॅक भरला. मीटर बघायची पण गरज नाही. स्कूटर रोज चालते म्हणून तिची बॅटरी ताजी असते, कोणाच्यातरी स्कूटरवरून पॅक भरून घ्यायचा आणि मग बोटीत लावायचा. कनेक्टर ई-रिक्षाचे वापरले, उलटे बसतच नाहीत.

बाकी साध्या गोष्टी: बोट ठेवताना पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा होईतो इंजिन चालवायचं, ताजं पेट्रोल आणि ओबीएमचं टू-टी ऑइल कंपनीच्या प्रमाणातच, दोन जास्तीचे प्लग आणि पाना बोटीतच बांधून, आणि झाकणाच्या आत रंगाने लिहिलेलं: हवेचा स्क्रू, लाल क्लिप, न्यूट्रल, थंड असेल तरच चोक.

निकाल

पुढच्या सरावाला रस्सीवर इंजिन लवकर लागलं, त्याचं श्रेय कपॅसिटरला नाही, कोरड्या ठेवलेल्या कार्बोरेटरला आहे. त्यानंतर तळ्याच्या मध्यात मुद्दाम बंद-चालू करत राहिलो. बटण दाबलं की लागतं. आधी ज्यांना मोटरीजवळ बसूच देत नव्हते, म्हणजे बाया, पन्नाशीच्या पुढची मंडळी, बारीक अंगाची मुलं, ते सगळे आता चालवायला शिकले. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा फरक, कारण पुरात तगडी माणसं बोटीबाहेर लागतात, लोकांना उचलायला.

पावसाळ्यात एकदा गावाबाहेर शेतातल्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा बोट खरी वापरली गेली. सेल्फ एकदाच फसला. कुणीतरी आयडलवरच इंजिन ठेवून लागोपाठ बंद-चालू केलं, पॅक 8 व्होल्टवर आला आणि रिले नुसता कटकट-कटकट वाजायला लागला. बॅटरी दमत दमत जाते, कपॅसिटर तसा नाही, तो उतरला की सेल्फ एकदम हात वर करतो. तिथे रस्सी ओढली, लागलं.

सीझन संपल्यावर तपासलं तर एका कपॅसिटरचं व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा वर चाललं होतं, बॅलन्सिंग सर्किटमध्ये ओल गेली होती. डबा वॉटरप्रूफ म्हणून घेतला होता, वायर बाहेर येते तिथलं रबरी सील सैल होतं. सर्किट बदललं.

परत करायचं झालं तर

मोटर घेतानाच तिचा चार्जिंगचा भाग बघून घ्यायला पाहिजे होता, रेग्युलेटर आहे का नाही हे विकणाऱ्याला पण माहीत नव्हतं. पॅक 58 फॅरडचा केला तो थोडा छोटाच पडला, दुप्पट केला असता तर वजन अर्धा किलोच वाढलं असतं आणि ती कटकट आली नसती, पण मग कॉइलवर भरायला वेळ दुप्पट, हा सौदा अजून ठरलेला नाही. ती मुलगी म्हणते दुप्पट करा, गॅरेजवाले काका म्हणतात आहे तेच राहू दे आणि बोटीत दुसरा भरलेला पॅक ठेवा. मला काकांचं जास्त पटतं.

पैसे असते तर मी अजूनही बॅटरीशिवायच्या इंजेक्शनवाली फोर-स्ट्रोक घेतली असती, हे खरंच आहे. आणि जे कोणी आता कपॅसिटर आहे म्हणून रस्सी काढून टाकू म्हणतात, वजन कमी होईल वगैरे, त्यांना मीटिंगमध्ये सरळ नाही सांगितलं. गोडाऊनची चावी आता दोन जणांकडे असते, आणि दर अमावास्येला कोणीतरी जाऊन मॅग्नेट हाताने एकदा फिरवून येतं, अमावास्या का तर ती कॅलेंडरवर काळ्या गोलाने दिसते म्हणून.